दोन पाट्या

पाडव्याच्या दिवशी नव्या चोपडीला हळदकुंकू वाहण्याची चाल आता पुष्कळशी मागे पडली आहे. पण ज्यांनी जुन्या पेढ्यांवरच्या त्या लांबट, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या पाहिल्या असतील, त्यांना त्यांतले एक खाते आठवत असेल : धर्मादाय. आडतीवर माल आला की तोलाई, हमाली, आडत यांच्या बरोबरीने चार पैसे धर्मादाय म्हणून कापून घेत. त्या पैशांतून कोठे धर्मशाळा उभी राही, कोठे पांजरपोळ चाले, कोठे पाठशाळा. दारावर संगमरवरी पाटी लागे आणि तीवर शेटजींचे नाव कोरलेले असे. ज्याच्या ज्वारीच्या पोत्यातून ते चार पैसे कापले गेले त्याचे नाव पाटीवर नसे. तो कधी त्या धर्मशाळेत उतरलाच, तर ओसरीच्या कडेला अंग चोरून निजे आणि सकाळी निघताना शेटजींना दुवा देऊन जाई.

मला त्या शेटजींची निंदा करायची नाही. त्यांतले पुष्कळ जण मनाने खरोखर धार्मिक होते, आणि त्यांच्या धर्मशाळांनी हजारो वाटसरूंना थंडीवाऱ्यात आसरा दिला. परंतु ह्या व्यवहारात दाता कोण आणि याचक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. आणि हा प्रश्न मला छळतो तो धर्मशाळांच्या बाबतीत नव्हे. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत छळतो.

दिवाळीच्या सुमारास आपल्यापैकी अनेकांच्या घरी विनंतिपत्रे येतात. एका गरीब मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च उचला, एका मुलीला दप्तर द्या, एका शाळेला फळा द्या. पत्रासोबत एखाद्या मुलाचे छायाचित्र असते. मूल हसत असते, निदान त्याला हसायला सांगितलेले असते. आपण फराळाचे ताट बाजूला सारून पत्र वाचतो, मन द्रवते, आणि आपण काहीतरी देतो. ही चांगलीच गोष्ट आहे. ह्या लेखाने कोणाचा देता हात आखडला, तर तो लेख लिहून मी पाप केले असे होईल. पण मी एक साधा शाळामास्तर आहे. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. एका संस्थेच्या शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दान निघते त्या घरी मी नसतो, दान पोचते त्या वर्गात असतो. तेथून जे दिसते ते देणाऱ्या माणसालाही कळावे, म्हणून हा खटाटोप.

आपल्या पूर्वजांनी दानाचा विचार फार बारकाईने केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन जाती सांगितल्या आहेत. द्यायला हवे एवढ्याच भावनेने, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य जागी आणि योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेले ते राजस. अवेळी, अस्थानी, घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलेले ते तामस. गंमत अशी की एवढ्या विचारातून आपण एकच शब्द घट्ट धरून ठेवला : सत्पात्र. घेणारा लायक आहे की नाही हे आधी पाहावे. मूल खरेच गरीब आहे ना? हुशार आहे ना? दिलेल्या पैशाचे चीज करील ना? पण त्या तिन्ही जाती पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यांत पात्राचा उल्लेख आहे, तो नाकारता येणार नाही. पण दान सात्त्विक की तामस हे मुख्यतः देणाऱ्याच्या मनावरून ठरवले आहे. आणि सहा वर्षांच्या पोरापुढे तर पात्रतेचा प्रश्नच उरत नाही. जन्माला येताना त्याने कोणती परीक्षा द्यायची राहिली होती? तेथे पात्रता तपासायची असेल तर ती आपलीच.

आपल्या समाजात गरीब विद्यार्थ्याला पोसण्याची एक जुनी रीत होती : वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार लावून शेकडो मुले शिकली. त्यांतून वकील झाले, शिक्षक झाले, पंडित झाले. ह्या रीतीत एक मोठा गुण होता. घरात जे शिजे त्यातलेच त्या मुलाला मिळे. त्यासाठी फंड नव्हता, समारंभ नव्हता. पण वारावर जेवलेल्या माणसांना विचारले असते, तर त्यांनी दुसरीही बाजू सांगितली असती. कोणत्या घरी पानात ताजे पडे आणि कोणत्या घरी कालचे, हे त्यांना साठीनंतरही आठवत असे. जेवणाआधी कोणाकडे पाणी भरावे लागे, कोणाकडे मूल खेळवावे लागे, हेही ते विसरत नसत. पोट भरले आणि तोंडाची चव मात्र कडू राहिली. ह्याहून मोठा दोष असा की हे दार जातीच्या किल्लीने उघडे. कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या पोराला वार लावून द्यायला कोणतेच घर नव्हते.

ते दार कोल्हापुरात शाहू महाराजांनी उघडले. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी आणखी एक पाऊल टाकले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सगळ्या जातींची मुले एका पंक्तीत बसत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि शेतात राबून शिकत. गावोगावची माणसे घरातले मूठमूठ धान्य त्यांच्यासाठी काढून ठेवीत. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण ज्या लक्ष्मीपुढे सोने मांडतो, तिच्याच नावाच्या ह्या बाईने परक्या पोरांच्या भाकरीसाठी सोने उतरवले. १९३० साली ती गेली. तेव्हा हे झाड अजून रोपटेच होते.

मुलांना राबवून शिकवायचे हे आज आपल्याला थोडे खटकते, आणि खटकावे हे योग्यच आहे. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. फुकट खाल्लेल्या भाकरीने मुलाची मान खाली जाते, आणि मान खाली घालून बसलेले मूल शिकत नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. मूठभर धान्याच्या योजनेतही तेच होते. शंभर घरांनी एकेक मूठ दिली की एकाही घराला उपकारकर्त्याचा पाट मिळत नाही. मूल गावाचे होते, कोणाचे मिंधे होत नाही.

परंतु ह्याच्याही आधी, आणि ह्याहून मुळाशी जाऊन, एका माणसाने हा प्रश्न विचारून ठेवला होता. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन मांडले. सरकारच्या तिजोरीतला बहुतेक पैसा शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. ज्या माणसाने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून स्वतः पदरमोड केली, त्याने देणगी मागितली नाही, हिशेब मागितला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रयतेच्या पोराला शाळा देणे हा धर्म नव्हे, ती थकबाकी आहे, असाच त्या मागणीचा अर्थ होतो. धर्मादायाच्या खात्याची गोष्ट मी आरंभी सांगितली ती ह्याचसाठी. पाटीवर नाव कोणाचेही असो, पोते कोणाचे होते हे फुल्यांनी विचारले.

तर मग दान नकोच काय? थकबाकी आहे म्हटल्यावर ती वसूल करावी, दात्यांच्या दारी कशाला जावे? असे म्हणणारी माणसे आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यांना मी बडोद्याची एक गोष्ट सांगेन. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुणाला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तो काळ मनात आणा. तेव्हा ह्या देशात कोणत्याही कायद्याने त्या तरुणाला त्या पैशावर हक्क दिलेला नव्हता. एका राजाला तसे वाटले म्हणून ते घडले. हक्क येण्याची वाट पाहत ते पैसे तिजोरीत राहिले असते, तर पुढे ज्याने राज्यघटनेच्या मसुद्यात सगळ्यांचे हक्क लिहिले तो हात आपल्याला कदाचित लाभलाच नसता. कित्येकदा हक्काची पहिली वीट अशीच कोणाच्या तरी दानातून बसते.

पण त्या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९१७ साली तो तरुण विद्वान होऊन, करारात ठरल्याप्रमाणे नोकरी करण्यासाठी बडोद्याला परतला, तेव्हा त्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. नाव लपवून तो एका पथिकाश्रमात उतरला, आणि काही दिवसांनी काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्याला तेथून बाहेर काढले. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, ह्यात शंका नाही. पण शिक्षणाला पैसा मिळतो आणि शिकलेल्या माणसाला जागा मिळत नाही, असे जेथे होते तेथे दान अपुरे पडते. पैसा एक माणूस देऊ शकतो. जागा मात्र सगळ्यांनी मिळून द्यावी लागते.

आता माझ्या शाळेतली एक हकिगत सांगतो. आमचा भाग बीड जिल्ह्यातला, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला, म्हणजे ऊसतोड्यांचा. दसरा झाला की मुकादम येतो. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. त्या कोयत्याला उचल देऊन तो टोळी बांधतो, आणि दिवाळीच्या पुढेमागे गावे रिकामी होऊ लागतात. कारखान्यांची धुराडी पेटतात ती थेट उन्हाळा लागेपर्यंत. तोपर्यंत गावात म्हातारी माणसे, शेरडे आणि कुलुपे. मुलांपैकी काही आजीपाशी राहतात, आणि बाकीची आईबापांबरोबर फडावर जाऊन कोपीत राहतात. तेथे वाढे गोळा करणे, पाणी आणणे आणि धाकटे भावंड सांभाळणे ही कामे त्यांच्या वाट्याला येतात.

काही वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर शहरातून एक मंडळी आमच्या शाळेत आली. माणसे सज्जन होती, लांबून स्वतःच्या खर्चाने आली होती. त्यांनी पन्नास दप्तरे आणली होती, आणि प्रत्येक दप्तरावर देणाऱ्यांचे नाव मोठ्या अक्षरांत छापले होते. आमचा पट पन्नासाहून बराच मोठा. तेव्हा निवड करणे आले. कोणीतरी सुचवले, “ज्यांची जास्त गरिबी असेल त्यांनी उभे राहावे.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. काही पोरे खुदुखुदु हसत उठली, काहींना मित्रांनी ढकलून उठवले. सहावीतली एक मुलगी मात्र जागची हलली नाही. तिचे दप्तर म्हणजे खताची पिशवी होती, हे मला रोज दिसत होते. मी तिच्याकडे पाहिले; तिने माझ्याकडे पाहिले नाही. दप्तरे वाटून झाली. छायाचित्र निघाले, त्यात मागचे नावाचे कापड पुरते आले नाही म्हणून पुन्हा निघाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला विचारले, “का गं, काल उठली का नाहीस?”

ती म्हणाली, “गुर्जी, माझा बाप कोयता घेऊन जातो. कुनापुढं हात पसरत न्हाई.”

पंधरा दिवसांत तिचे आईबाप टोळीबरोबर गेले, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तीही गेली. ज्यांना दप्तरे मिळाली होती त्यांतलीही पुष्कळ मुले गेली. ट्रॅक्टरवर सामान चढत होते तेव्हा मी रस्त्याला उभा होतो. त्या नव्या दप्तरांत कोणी पीठ भरले होते, कोणी भांडी. त्यात मला वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही. सहा महिन्यांच्या संसाराला मजबूत पिशवी लागतेच.

त्या मुलीला शाळेत राहायला काय हवे होते, ह्याचा हिशेब मी पुढे मांडून पाहिला. दप्तर त्यात कोठेच येत नव्हते. तिला सहा महिने दोन वेळची भाकरी हवी होती. रात्री निजायला विश्वासाचे घर हवे होते, कारण आजीला डोळ्यांनी दिसत नव्हते. आणि धाकट्या भावाचे कोणीतरी पाहायला हवे होते, नाहीतर आईच्या हातातला कोयता थांबला असता आणि उचल फिटली नसती. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची सरकारी योजना आहे, आणि वेळेवर सुरू झाली तर ती उपयोगीही पडते. पण त्या वर्षी आमच्याकडे ती सुरू होईपर्यंत गाड्या निघून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी गावातल्या नोकरदार पोरांनी दिवाळीआधीच वर्गणी काढली. एका म्हाताऱ्या आजींनी आपल्या घरात मुलींना रात्री निजायला जागा दिली. एका बाईला भाकऱ्या करायला ठेवले, लहानग्यांपाशी बसायला दुसरीला. ती मुलगी त्या वर्षी थांबली. ह्या सगळ्याचे छायाचित्र कोणी काढले नाही, आणि काढून तरी काय दिसणार? चुलीचा धूर आणि निजलेली पोरे.

ही दृष्टी काही माझी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोघींनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम मांडले, तेव्हा त्यांना हेच दिसले. मूल शाळेत येत नाही कारण ते गुरे राखते. मग त्याला रागे भरण्यात किंवा पाटी-पुस्तक फुकट देण्यात काय अर्थ? त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरतील तेथे मुले, आणि मुले असतील तेथे शाळा. आपल्याजवळ काय देण्यासारखे आहे हे त्यांनी आधी ठरवले नाही. मुलाचे काय अडले आहे ते आधी पाहिले.

आता पाटीवरच्या नावाचा प्रश्न घेऊ, कारण देणाऱ्या मंडळींच्या मनात तो असतोच. १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले ते पाच विद्यार्थिनींवर. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसींचे, नाव मिळाले. कर्व्यांनी ते स्वीकारले. उलट भाऊरावांची अशी गोष्ट सांगतात की एका धनिकाने मोठी रक्कम देऊ करून साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे नाव बदलायला सांगितले, तेव्हा त्यांनी ती रक्कम सरळ नाकारली. दोघेही फकिरी वृत्तीचे, दोघांनाही पैशाची नड. मग बरोबर कोण?

मला वाटते, दोघेही. नाथीबाईंचे नाव भिंतीवर लागले. त्याचे ओझे कोणत्याही मुलीच्या मानेवर पडले नाही. किंबहुना एका आईच्या नावाच्या विद्यापीठात मुलींनी शिकावे ह्यात एक गोडवाच आहे. साताऱ्याला मात्र जे नाव पुसायला सांगितले होते ते रयतेच्या पोरांचा अभिमान होता. एके ठिकाणी नाव दगडावर लिहायचे होते, दुसरीकडे ते मुलांच्या मनातून खोडायचे होते. मराठीत पाटी हा शब्द दोन्ही वस्तूंना आहे : दारावरची आणि मुलाच्या हातातली. दारावरच्या पाटीवर देणाऱ्याने खुशाल आपले नाव लिहावे. मुलाच्या हातातल्या पाटीवर मात्र पहिले नाव मुलाचेच यायला हवे. आमच्या शाळेत आलेली दप्तरे चुकली ती एवढ्याचसाठी. तेथे देणाऱ्याचे नाव मुलाच्या पाठीवर छापले होते.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. हे सगळे सरकारने आणि कारखानदारांनी पाहावे. खरे आहे, पुष्कळ बदलले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्यायला सांगितले. आज दुपारी आमची मुले खिचडी खातात तेव्हा त्यांना कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही, आणि कोणत्या वारी कोणाच्या दारी जायचे हा प्रश्न पडत नाही. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर ह्या देशात झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले, आणि त्या कामांत शिक्षणही येते.

म्हणून आपली सुटका झाली काय? हक्क शाळेच्या दारापर्यंत आणून सोडतो. दारापर्यंत यायला लागणारी भाकरी, भावंडाला सांभाळणारा हात, चौदा वर्षे पुरी झाल्यावर पुढच्या वर्गाची फी, हे सगळे त्या दाराच्या अलीकडे किंवा पलीकडे राहते. हक्क आणि मूल ह्यांच्यामध्ये जे अंतर उरते ते भरून काढायला शेजारी लागतो, आणि ते काम कायद्याला अजून साधलेले नाही. पण एक पथ्य पाळावे. दान देताना हक्काची मागणी सोडू नये. ज्या गावात वसतिगृह वेळेवर उघडत नाही तेथे वर्गणी काढावी आणि अर्जही करावा. नुसती वर्गणी काढली तर अधिकारी निर्धास्त होतात. नुसता अर्ज केला तर तोवर गाड्या निघून जातात.

देणाऱ्याने हिशेब मागू नये काय? अवश्य मागावा. पैसा कोठे गेला, किती मुले हंगामभर राहिली, किती परीक्षेला बसली, हे संस्थेला खडसावून विचारावे. भोळेपणाने दिलेला पैसा पुष्कळदा लबाडांच्या घरी जातो. फक्त हिशेब संस्थेकडे मागावा, आणि कृतज्ञता मुलाकडे मागू नये. ह्या दोहोंची आपल्याकडे फार गल्लत होते. पावती मागायला संकोच करणारी माणसे मुलाकडून मात्र आभाराचे भाषण पाठ करून घेतात.

मग शिकलेल्या मुलाने कृतज्ञ राहूच नये काय, असा प्रश्न घरोघरची वडीलधारी माणसे विचारतील, आणि तो रास्त आहे. कृतघ्नपणाची तरफदारी मी कशी करू? ह्याचे उत्तर मला आपल्या जुन्या ऋणकल्पनेत सापडते. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हणतात : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. त्यांतले ऋषिऋण फेडायचे कसे? ऋषीच्या घरी धान्य पोचवून नव्हे. ते फिटते अध्ययनाने, आणि शिकलेले पुढच्याला शिकवून. विद्येचे देणे ज्याच्याकडून घेतले त्याला परत द्यायचे नसते; ते पुढे द्यायचे असते. शेतात राबून शिकलेली मुले पुढे खेड्यापाड्यांत मास्तर झाली, तेव्हा ते ऋण फिटले. आमच्या गावातल्या ज्या नोकरदार पोरांनी वर्गणी काढली, तीही एकेकाळी कोणाच्या तरी भाकरीवर शिकलेली होती. कोणाच्या, हे त्यांतल्या काहींना सांगताही येणार नाही. मला ह्यात कृतघ्नपणा दिसत नाही. देणाऱ्याचे नाव विसरले गेले आणि देणे चालू राहिले, ह्याहून त्या देणाऱ्याचे मोठे स्मारक कोणते?

शिक्षणाचे दान इतर दानांहून वेगळे आहे ते येथेच. अन्न दिले तर भूक भागते, वस्त्र दिले तर थंडी भागते, आणि घेणारा होता तेथेच राहतो. शिक्षण दिले तर घेणारा उठून उभा राहतो, आणि उद्या तो देणाऱ्यालाच विचारतो, की पोते कोणाचे होते? हे ज्याला सोसणार नाही त्याने ब्लँकेटे वाटावीत. तेही पुण्यच आहे. पण ज्याला मुलांना शिकवायचे आहे त्याने त्या प्रश्नासाठी मनाची तयारी ठेवावी. तो प्रश्न ज्या दिवशी येईल त्या दिवशी आपले दान पोचले असे समजावे.

वाचकहो, दिवाळी ही देण्याघेण्याची वेळ आहे, आणि आपण देणारच. देताना एवढे करा. आपल्याला काय द्यावेसे वाटते त्याआधी तेथल्या मुलाचे काय अडले आहे ते एखाद्या शिक्षकाला, एखाद्या आईला विचारा. छायाचित्र मागू नका, पावती मागा. जमल्यास एका वर्षाचे मोठे दान देण्याऐवजी पाच वर्षांचे लहान दान द्या, कारण मुलाचे वय एका दिवाळीपुरते थांबत नाही. आणि जे द्यायचे ते लवकर द्या. आमच्याकडे फराळाचे डबे रिकामे होण्याच्या आत ट्रॅक्टर दारात येऊन उभे राहतात.